पडद्यामागचे दोन स्पीकर आणि मठातले खांब

स्पीकरला खोकं का लागतं, असं मला लग्नाआधी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, धूळ बसू नये म्हणून. तसं नसतं. नुसता स्पीकर हातात धरून वाजवून बघा, कानाशी मच्छर आल्यासारखा चिरका वाजतो. त्याचा कागदी पडदा पुढची हवा ढकलतो त्याच वेळी मागची ओढतो. मधे आडवं काही नसलं की पुढची हवा कडेनं वळून मागं पळते, दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि जाड आवाज तिथंच मरतो. मधे फळी घातली की तो जगतो. खोकं म्हणजे मुळात तेवढंच. बाकीची सगळी कारागिरी नंतरची.

हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मी बघून उचललं. आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान लातुरात, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांनी घेतलेलं, त्यांच्यामागं कागद सासूबाईंच्या नावावर झाला. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. ह्यांचा डबा घेऊन मी दुकानात जायची आणि दोन-दोन तास तिथंच बसायची. "कथलाचा डाग देतो, जरा तार धर" म्हणून सुरुवात झाली. पुढं तार हे धरायला लागले आणि डाग मी द्यायला लागले, कारण माझा हात हलत नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी लग्नं घरातल्या घरात उरकली. रेडिओ दुरुस्तीला कोण आणतो? उलट विकायलाच आणायचे. जुने वॉल्व्हचे मोठे मोठे रेडिओ. खोक्यांची फळी कुणाकुणाच्या चुलीत गेली आणि आतले स्पीकर आमच्या पोत्यात. त्याच साली नांदेडला, माझ्या माहेराजवळच्या टॉकीजनं पडद्यामागचे दोन मोठे स्पीकर काढून टाकले. आमचे हे ते दोन्ही एस.टी.च्या टपावर घालून घेऊन आले. बारा इंचांचा एकेक, मागचं चुंबक एवढं जड की मला दोन हातांनी उचलावं लागायचं. मी परकरात असताना जनान्यात बसून ह्याच स्पीकरांतून सगळी गाणी आणि सगळं रडणं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघून म्हटलं, "तुम्ही आमच्याकडं आलात होय." ह्यांना वाटलं मला ऊन लागलं.

त्या वर्षी अंगणातला रांजण कोरडा होता. टँकरचं पाणी घागरीतच संपायचं, रांजणापर्यंत पोचायचंच नाही. एकदा मला काय सुचलं, आठ इंचांचा एक स्पीकर मी त्या रांजणाच्या तोंडावर बसवला, कडेनं कणीक लावून फट बुजवली आणि रेडिओची तार जोडली. गाणं असं घुमलं की शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारती झाली, "आत कोण बसवलंस ग?" दुष्काळात कणीक वाया घालवली म्हणून आत्याबाईंनी बोलून घेतलं ते घेतलंच. पण मी मनात एक गाठ मारून ठेवली. पोट जेवढं मोठं तेवढा आवाज गोड. त्या गाठीनं पुढं मला चांगलंच पाडलं.

दुष्काळ सरला पण धंदा परत आला नाही. खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले होते. ह्यांना नांदेडजवळ विष्णुपुरीला धरणाच्या कामावर वायरमनची नोकरी लागली. शनिवारी यायचे, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचे. दुकान मी अर्धा दिवस उघडायची. इस्त्रीची वायर, टेबलफॅन, कुणाचा रेडिओ, असं चालायचं. पोतं मागच्या भिंतीला तसंच उभं होतं.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. मोठमोठ्या कचेऱ्या आल्या, जागेला भाव आला, आणि गल्लीगल्लीतून टाइपरायटर वाजायला लागले. माझे धाकटे दीर निलंग्याच्या कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहायचे. ते आपलं मशीन घेऊन लातुरात आले आणि पहिल्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाले,

"वहिनी, आता जमाना अर्जाचा हाय. दुकान मला द्या. ते पोतं भंगारात घाला, चुंबक आन् तांबं निघंल."

मी म्हटलं, "भाऊजी, दुकान आत्याबाईंचं. तुमचा अर्ज तिकडं द्या."

त्यांनी तो तोंडीच दिला, माझ्यासमोर, पाटावरून उठायचीही वाट न बघता. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे नांदेडकडं राहून तिकडचं बोलायला लागले होते. म्हणाले, "मी तिकडं काम करून राहिलो, तू इकडं पोतं राखून राहिली. मला काय इचारता? माय म्हणंल तसं."

आत्याबाई पानाला चुना लावत होत्या. दुकानाची किल्ली कायम त्यांच्या कमरेला असायची. पान तोंडात घालून, सावकाश चावून त्या म्हणाल्या, "मठात कर्णे लागले तवापासून मला पोथीतला एक शबुद कळत न्हाई. महाराज ओठ हलवतेत, मी मान हलवते. लई वर्सं झाली. आता हिच्या पोत्यातले स्पीकर सरावण सरायच्या आत मला पोथी ऐकवत असले तर किल्ली हिची. नसले तर ह्याची. चार सोमवार हायत."

दीर हसले. त्यांना वाटलं, किल्ली मिळालीच. मला त्या हसण्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागानंच पुढचं सगळं काम केलं.

मठ म्हणजे दगडी. वर घुमट, खाली खांबांच्या रांगा. श्रावणात दर सोमवारी महाराज पोथी सांगायचे. पुरुष पुढं बसायचे, आम्ही बाया मागं, खांबांच्या आड. घुमटाखाली दोन कर्णे टांगलेले, लग्नात झाडाला बांधतात तसले. मठाचा कारभार बघायचे ते आप्पा, आडतीचे जुने व्यापारी. मी त्यांच्या दुकानात जाऊन कर्णे उतरवायची गोष्ट काढली.

"सूनबाई, कर्णा लाख माणसाला ऐकू येतो," आप्पा म्हणाले.

"लाख माणूस हाय कुठं आप्पा? शंभर-दीडशे हायत. त्यातल्या मागच्यांना काहीच कळत न्हाई."

"मागच्या बाया बोलत बसत्यात."

"कळत न्हाई म्हणून बोलत बसतो आम्ही."

आप्पांनी तराजूची दांडी जरा वर-खाली केली आणि म्हणाले, "एक सोमवार बघू."

आता मनातली गाठ पक्की होती ना. पोट मोठं, आवाज गोड. माझ्याकडं सगळ्यात मोठे स्पीकर टॉकीजचे, आणि घरात सगळ्यात मोठं पोट धान्याच्या कोठ्यांचं. आजेसासऱ्यांच्या वेळच्या दोन लाकडी कोठ्या होत्या, जाड सागाच्या, छातीएवढ्या उंच. दुष्काळापासून त्यांत दाणा पडला नव्हता. मी सुताराकडून समोरून गोल भोक पाडून घेतलं, स्पीकर बसवले, आणि हातगाड्यावर घालून कोठ्या मठात नेल्या. घरी गाणं लावून बघितलं होतं. काय वाजत होतं म्हणून सांगू, पोटात उतरत होतं.

पहिला सोमवार. महाराजांनी खाकरून सुरुवात केली आणि कोठीच्या भोकातून दहा वर्षांपूर्वीच्या ज्वारीची भुकटी उडाली. पुढच्या रांगेतल्या दोघांना शिंका आल्या. ते सोडा. महाराजांचा आवाज असा घुमायला लागला की एक शब्द संपायच्या आधी दुसरा त्याच्या अंगावर चढायचा. कर्ण्याचं घूं घूं पातळ होतं, माझं जाड झालं, एवढाच फरक. पोथी संपल्यावर आप्पा म्हणाले, "महाराज आडात पडून बोलायलेत असं वाटलं." आत्याबाईंनी पानाची चंची बांधली, तीन बोटं दाखवली आणि चपला घातल्या.

घरी येऊन मी रडले नाही, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं दिरांची बायको, माझी जाऊ, सगळीकडं सांगायची की रडले. मी रेडिओ लावून बसले. बातम्या लागल्या होत्या. एका तारेला मठातून परत आणलेली कोठी जोडली, दुसरीला पोत्यातला पाच इंचांचा रेडिओचा लहान स्पीकर, साध्या फळीवर ठोकलेला. आळीपाळीनं ऐकलं. कोठीतून बातम्या देणारी बाई लई श्रीमंत वाटायची पण काय म्हणते ते कळायचं नाही. लहान्या स्पीकरातून ती गरीब वाटायची, पण शब्द न् शब्द कळायचा. तेव्हा मला पटलं की गाण्याला जे लागतं ते बोलण्याला लागत नाही. क, च, ट, स ही सगळी पातळ अक्षरं. मोठ्या पोटाचा घुमारा त्यांच्यावर गोधडी घालतो. त्यात दगडी घुमट. त्याच्याकडं जेवढं फेकाल तेवढं तो परत तुमच्या डोक्यावर टाकणार.

म्हणजे लहान स्पीकर पाहिजेत, आणि ऐकणाऱ्याजवळ पाहिजेत. पण एक लहान स्पीकर दीडशे माणसाला पुरणार कसा? इथं मी अडले. शनिवारी हे आले. मी विचारलं नव्हतं, जेवता जेवता आपणच म्हणाले, "तिकडच्या कॉलेजात एक खोकं बघितलं. खांबासारखं उभं. आत चार लहाने स्पीकर, एकावर एक. आवाज वर-खाली सांडत न्हाई, सरळ समोर जातो." भाकरीचा तुकडा खाली ठेवून त्यांनी ताटाच्या कडेला बोटानं कालवणाची उभी रेघ ओढली. "असं." मग म्हणाले, "तू लगेच करायला घेऊ नको."

मी दुसऱ्या दिवशी पोतं रिकामं केलं.

घोंगडीवर सगळे स्पीकर मांडले. त्यांना निवडायची माझी रीत सांगते. आधी दोन्ही अंगठ्यांनी पडदा सारखा दाबायचा, हलक्यानं. आत खरखर लागली तर तो बाजूला, त्याची आतली तारेची गुंडाळी घासते आहे. मग बाजारात मडकं वाजवून घेतो तसं पडद्यावर बोटाचं नख मारायचं. एका जातीचे असतील ते एकाच सुरात बोलतात. उंदरांनी खाल्लेले दोन होते, त्यांना पतंगाचा कागद खळीनं चिकटवला. पण ते मी मठासाठी घेतले नाहीत, ठिगळाचा भरवसा नसतो. असे करत करत आठ निघाले, पाच इंचांचे, एका सुराचे. चार-चारांचे दोन खांब.

दुसरा सोमवार ह्यातच गेला. मी मठात गेलेच नाही. आत्याबाई जाऊन आल्या. आल्यावर दोन बोटं.

फळी कुठून आणायची? आंब्याच्या पेट्यांची फळी हलकी, आवाजाबरोबर तीही बोलायला लागते. खोकं बोलायचं नसतं, स्पीकर बोलायचा असतो. मी आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "कोठ्या कापू का?"

त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात त्यांत गहू होता." मग म्हणाल्या, "काप. आता काय त्यात पडणार हाय."

सागाची दोन उंच खोकी झाली, वीतभर रुंद, आत जुन्या गादीचा कापूस. आता ह्यात एक गोम असते. चारही पडदे एकदमच पुढं आणि एकदमच मागं गेले पाहिजेत. एक जरी उलटा जोडला तरी तो दुसऱ्यांचं काम मोडतो. म्हणून प्रत्येक स्पीकरच्या मागं दोन टोकं असतात, त्यातलं कुठलं कुठलं ते आधी सेल लावून बघायचं आणि खूण करायची. हे रंगानं करायचे. माझ्याकडं रंग कुठला? मी पुढं ढकलणाऱ्या टोकाला कुंकवाचा ठिपका लावला आणि दुसऱ्याला विभूती.

तिसऱ्या सोमवारी सकाळी खोकी मठातल्या मधल्या दोन खांबांना बांधली, बसलेल्या बाईच्या डोक्याच्या जरा वर, थोडी खाली वाकवून. मागची फळी अजून उघडी होती, तारा जोडायच्या होत्या. डाग द्यायचं सामान घरी राहिलं म्हणून मी पळत घरी गेले. परत येऊन बघते तर आप्पांची मंडळी, म्हणजे त्यांच्या घरच्या काकू, आणि चार बायांनी पूजा उरकलेली. मठात नवी वस्तू आली, पूजा नको? आधी ओल्या फडक्यानं पुसून काढलं, आणि मग जे चमकताना दिसलं त्या सगळ्याला कुंकू लावलं, आणि मठ म्हणून विभूतीही लावली. सोळाच्या सोळा टोकांना दोन्ही.

"एक बी सोडलं न्हाई ग," आप्पांची मंडळी मोठ्या समाधानानं म्हणाल्या.

महाराज पायऱ्या चढत होते. मी आठवेल तसं जोडलं आणि फळी लावली. आवाज आला, पण कसा, पडसं झालेल्या माणसानं भिंतीमागून बोलावं तसा. अंगच नाही त्याला. आप्पा दुपारी म्हणाले, "पुढल्या सोमवारी कर्णे लावतो सूनबाई, शेवटचा सोमवार हाय, गर्दी असंल." मी म्हटलं, "सोमवार अजून आलेला न्हाई आप्पा." घरी आले तर दिरांनी टाइपरायटरचं टेबल दुकानाच्या ओट्यावर आणून ठेवलेलं. माप घ्यायला, म्हणे.

त्याच संध्याकाळी मठात जाऊन फळ्या उघडल्या. टॉर्चमधला सेल काढला आणि एकेका स्पीकरला टेकवला. टक्. पडदा पुढं. टक्. पुढं. टक्. मागं. आठांतले तीन उलटे होते. आठवणीवर भरवसा ठेवल्याचं फळ. तिन्ही सुलटे केले, ह्या वेळी खूण खिळ्यानं ओरखडून केली, आणि मागची फळी स्क्रूनं गच्च आवळली. मग आप्पांच्या घरी जाऊन त्यांच्या मंडळींना सांगितलं, "काकू, पूजा आता पुढून करायची. पाठ उघडायची न्हाई." त्या म्हणाल्या, "आगं मग तवाच सांगायचं की."

शेवटच्या सोमवारी हे पहिल्या गाडीनं गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, गाडी चुकली. गाडी गल्लीतून नऊदा हॉर्न मारत जाते, ती कशी चुकेल. मठात येऊन आवाज मोठा करायच्या मशीनजवळ बसले, पण बटनाला हात लावला नाही. बटन माझ्याकडं होतं.

महाराजांनी सुरुवात केली तेव्हा पुढच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, माईक बंद हाय. बंद नव्हता. फक्त घुमट गप्प होता. आप्पा माझ्याकडं वळून हातानं वर-वर करायला लागले, आवाज वाढव. मी मान हलवली, नाही. त्यांनी परत केलं. मी परत नाही. मागं नेहमीसारखं बायांचं चाललं होतं, कुणाची सून, कुणाचं दळण. मग एकीनं दुसरीला कोपर मारलं. मग तिनं तिसरीला. हळूहळू मागचं सगळं शांत झालं. एवढ्या वर्षांत मी मठाचा तो भाग कधी शांत बघितला नव्हता.

मी आत्याबाईंकडं बघत होते. त्या मान हलवत नव्हत्या. नेहमी हलवायच्या, आज एकदाही नाही. मला वाटलं, ऐकूच येत नसणार.

मग महाराज एक ओवी संपवून पुढच्या अर्थाला लागले, आणि मागून, खांबाच्या आडून, आत्याबाईंचा आवाज आला.

"महाराज, मधली एक ओवी ऱ्हायली."

सगळा मठ वळला. आत्याबाईंच्या माहेरी ही पोथी रोज वाचायचे, त्यांना ती लहानपणापासून पाठ होती. हे मला माहीत होतं, पण कर्णे लागल्यापासून ती पाठ असून उपयोग काय होता? महाराजांनी पान मागं उलटलं, चष्मा वर केला, बघितलं. हसले आणि म्हणाले, "राहिली खरी, आजी." आणि ती ओवी वाचली. आत्याबाई त्यांच्याबरोबर ओठ हलवत होत्या.

बाहेर चपला घालताना त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली. दीर शेजारीच उभे होते. त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, "ओटा ह्याला दे. पाऊस न्हाई तवा बसंल." आणि मग मला, "महाराज दर साली हाच अर्थ सांगत होते का ग?"

"हाव, आत्याबाई."

"मग मी येवढी मान कशाला हलवली."

दीर ओट्यावर बसले. आत मी एखादा स्पीकर लावून कान देऊन ऐकत असायची आणि बाहेर त्यांचं खटखट, खटखट. आम्ही दोघांनी एकमेकांना बरीच वर्षं सहन केलं. टॉकीजच्या मोठ्या जोडीला मी पुन्हा खोकं केलं नाही. एका जुन्या दाराच्या फळीला दोन भोकं पाडली, पाठ मोकळी ठेवली, आणि ती गाण्यासाठी दुकानातच भिंतीपासून हातभर पुढं उभी केली. कोठ्या कापल्यानंतर कळलं की त्यांना पोट नको होतं, पाठीमागं मोकळी जागा हवी होती. उंदरांनी खाल्लेल्या दोघांतला एक किल्लारीच्या एका चहावाल्याकडं गेला, तेलाच्या डब्यात बसून. तिथं त्याचं छान चाललं होतं, कारण डब्याचा जो कडक आवाज घरात नकोसा होतो तोच रस्त्यावरच्या गोंगाटातून पार जातो. उदगीरहून, निलंग्याहून माणसं यायची आणि विचारायची, मठासारखं खोकं पाहिजे. मी आधी विचारायची, बोलणं का गाणं? घरात का रस्त्यावर? ऐकणार कोण? ह्याची उत्तरं नसली तर मी स्पीकर दाखवतच नसे.

पुढच्या श्रावणात आप्पा दुकानात आले. बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "सूनबाई, आवाज चांगला हाय, तक्रार न्हाई. पण आता दर सोमवारी मागून कुणी ना कुणी महाराजांना दुरुस्त करायलंय. मागच्या टायमाला तिघी. बायकांच्या बाजूचा तेवढा आवाज कमी करायला येगळं बटन बसवता येतं का?"

मी म्हटलं, "येतं की आप्पा. उद्याच बसवते. पण बायकांकडची तार मागच्या खांबावरनंच जाते, तवा बटन तिथंच लागंल. बायकांच्या हातात."

आप्पांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे."